सीडी बिनचूक रिप करण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संगणकातल्या नेहमीच्या म्युझिक प्लेअरमध्येही सीडी रिप करायची, म्हणजे तिच्यातली गाणी संगणकावर फाइलमध्ये उतरवून घ्यायची, सोय असते. मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला? सीडीवर शेवटी आकडेच ना, ते चुकतील कसे?

डेटा सीडी असती तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. सेक्टर, म्हणजे सीडीवरचा ठरावीक लांबीचा तुकडा, दोन्हीकडे २३५२ बाइटचाच, पण डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट मजकुराचे असतात. उरलेल्या जागेत त्या सेक्टरचा पत्ता आणि चुका पकडून सुधारणारे जादा कोड बसवलेले असतात. ऑडिओ सीडीत मात्र सगळे २३५२ बाइट संगीतानेच भरलेले. एका सेक्टरमध्ये ५८८ स्टीरिओ सॅम्पल (आवाजाचे क्षणोक्षणी मोजलेले आकडे) आणि सेकंदाला ७५ सेक्टर, असा हिशोब आहे. दुरुस्तीची एक पायरी इथेही आहे, पण ती अपुरी पडली तर मागे दुसरा आधार नाही.

अशा वेळी ड्राइव्ह अडून बसत नाही. हरवलेल्या सॅम्पलच्या जागी आजूबाजूचे आकडे पाहून अंदाजाने एक आकडा भरतो आणि पुढे जातो. गाणं ऐकताना ही मोठी सोय आहे. रिप करताना मात्र साधा प्लेअर तो अंदाज खरा धरून फाइलमध्ये लिहितो आणि काम झाल्याचं सांगून मोकळा होतो.

सीडी स्वच्छ असेल, तर प्लेअरने काढलेली फाइलही बहुतेक वेळा बिनचूक असते. पण ती तशी आहे का, हे तपासायची सोय त्याच्याकडे नसते. चांगल्या रिपरचे (रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) पैसे किंवा कष्ट मोजायचे ते त्या तपासणीसाठी.

प्रश्न : रिपरची नावं खूप ऐकली. नेमकं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तीन गोष्टी पाहा. संशयास्पद जागा ते पुन्हा वाचतं का, ॲक्युरेटरिपशी पडताळणी करतं का आणि प्रत्येक ट्रॅकचा निकाल लॉगमध्ये (नोंदीच्या फाइलमध्ये) लिहून ठेवतं का. ॲक्युरेटरिप हा इतरांनी केलेल्या रिपच्या चेकसमचा, म्हणजे ट्रॅकमधल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेल्या पडताळणीच्या अंकांचा, साठा आहे. दुसऱ्याची प्रत, दुसऱ्याचा ड्राइव्ह आणि तरीही चेकसम तुमच्याशी तंतोतंत जुळला, तर दोघांची चूक योगायोगाने एकसारखी असण्याची शक्यता जवळपास नाहीच.

विंडोजवर क्यूरिपर फुकट आहे आणि त्यात फारशी जुळवाजुळव लागत नाही. सुरुवात त्यानेच करावी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, घरगुती वापरासाठी फुकट आहे. त्यात बारीकसारीक सगळं हातात मिळतं, पण सेटिंग नीट न लावता वापरलं तर त्याचा उपयोग निम्मा. शेकडो सीडी उरकायच्या असतील तर डीबीपॉवरॲम्पला पैसे द्यावेत. ते वेगवान आहे आणि गाण्यांची माहिती अनेक ठिकाणांहून ताडून घेतं, त्यामुळे टॅग दुरुस्त करण्यात जाणारे तास वाचतात. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर कमांड लाइनची सवय असेल तर व्हिपर.

प्रश्न : ईएसी घेतलं, पण ड्राइव्हच्या पर्यायांत अडकलो. कॅशे, सी-२, ऑफसेट यांचं काय करायचं?

चरा नसलेली सीडी घाला आणि ड्राइव्हच्या पर्यायांत ‘डिटेक्ट रीड फीचर्स’ चालवा. पद्धत ‘सिक्युअर’ ठेवा. तिच्यात प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. इथेच कॅशेचा घोळ होतो. ड्राइव्हने नुकताच वाचलेला भाग स्वतःच्या मेमरीत ठेवला असेल, तर दुसरं वाचन सीडीवरून न होता त्या मेमरीतून होतं. पहिली चूक दुसऱ्यांदाही जशीच्या तशी येते आणि ‘दोन्ही वाचनं जुळली’ असा निकाल मिळतो! म्हणून शंका असेल तर ‘ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा’वर खूण ठेवा. वेग कमी होईल, होऊ द्या.

सी-२ म्हणजे ‘इथे मला नीट वाचता आलं नाही’ ही ड्राइव्हची स्वतःची कबुली. सगळे ड्राइव्ह ती प्रामाणिकपणे देत नाहीत, त्यामुळे ईएसीत हा पर्याय बंद ठेवलेला बरा.

ऑफसेट अंदाजाने टाकू नका. प्रत्येक मॉडेल ठरावीक सॅम्पल आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतं. कुणाचा ऑफसेट +६, कुणाचा +६६७. ६६७ सॅम्पल म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद. कानाला काही कळणार नाही, पण चेकसम मात्र जुळणार नाही. खूप खपलेल्या अल्बमची सीडी घाला. ती ॲक्युरेटरिपमध्ये असली की ईएसी ऑफसेट आपोआप शोधून लावतं.

आणखी एक, ‘नॉर्मलाइझ’ बंद आहे ना, ते पाहा. आवाजाची पातळी बदलली की सॅम्पल बदलले, मग बिनचूकपणाची चर्चाच नको. रिप करताना ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. ट्रॅक दोनदा स्वतंत्रपणे वाचला जातो आणि दोन्ही सीआरसी (हाही एक चेकसमच) लॉगमध्ये येतात.

प्रश्न : दोन्ही सीआरसी जुळले, पण ॲक्युरेटरिप ‘जुळत नाही’ म्हणतं. रिप बिघडलं का?

सगळेच ट्रॅक जुळत नसतील तर घाबरू नका. एक तर ऑफसेट चुकला आहे, नाहीतर तुमची सीडी वेगळ्या छपाईतली, म्हणजे कारखान्यात वेगळ्या साच्यातून काढलेली, आहे. एकच ट्रॅक जुळत नसेल आणि बाकीचे जुळत असतील, तर त्या ट्रॅकमध्ये खरोखर चूक आहे असं धरा. सीआरसी एकसारखे आले म्हणून हुरळू नका, कारण तोच ड्राइव्ह त्याच चऱ्यावर तीच चूक पुन्हा करू शकतो.

‘कॉन्फिडन्स’, म्हणजे साठ्यातली किती रिप तुमच्याशी जुळली तो आकडा, १ असेल तर तो आकडा तुमच्याच जुन्या रिपचा असू शकतो. दोनच्या पुढे भरवसा ठेवा. सीडी साठ्यात नसेलच, तर वेगळ्या कंपनीच्या ड्राइव्हवर, त्याचा ऑफसेट लावून रिप करा आणि सीआरसी ताडून पाहा.

प्रश्न : एका ट्रॅकवर ईएसी तासभर अडकतं आणि शेवटी ‘सस्पिशस पोझिशन’ (संशयास्पद जागा) येतं. वाट पाहू का?

रद्द करा. दोन वाचनं जुळली नाहीत की ईएसी ती जागा १६ वेळा वाचतं आणि निदान ८ वाचनं सारखी येण्याची वाट पाहतं. नाही आली तर पुन्हा १६. यात ड्राइव्ह झिजतो, हाती फारसं लागत नाही.

आधी सीडी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नको. डेटा चक्राकार रेषेत असतो. त्या रेषेच्या दिशेने गेलेला चरा सलग भाग खातो आणि दुरुस्तीची ताकद साधारण अडीच मिलिमीटरच्या सलग नुकसानापर्यंतच आहे. आडवा गेलेला चरा दिसायला भयंकर, पण बहुधा निभावून जातो.

मग सीडी दिव्यासमोर धरा. छापील बाजूने उजेडाचे ठिपके आरपार दिसले, तर धातूचा थरच गेला आहे आणि तिथे पॉलिशचा उपयोग नाही. हा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो. पारदर्शक बाजूला मात्र सुमारे १.२ मिलिमीटर प्लास्टिक आहे, तिथला चरा पॉलिशने कमी होऊ शकतो.

त्यानंतर वाचनाचा वेग उतरवा, दुसरा ड्राइव्ह वापरून पाहा. तरीही न सुटल्यास क्यूटूल्स या सॉफ्टवेअरचा डेटाबेस वापरा. त्यात चेकसमबरोबर दुरुस्तीची माहितीही साठवलेली असते. चूक मर्यादित असेल तर क्यूटूल्स हरवलेले सॅम्पल गणिताने परत मिळवतं. अट एवढीच की तुमच्याकडे पूर्ण अल्बमचं रिप हवं, एकटा ट्रॅक चालत नाही.

प्रश्न : रिप कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवू? वेव्ह, फ्लॅक की एमपी३?

फ्लॅक. वेव्हच्या साधारण निम्मी जागा लागते आणि एकही सॅम्पल बदलत नाही. ० ते ८ या फाइल दाबण्याच्या पातळ्यांमुळे फक्त फाइलचा आकार आणि लागणारा वेळ बदलतो. मूळ आवाजाचा चेकसम फाइलमध्येच राहतो, त्यामुळे काही वर्षांनी डिस्क कुरकुरू लागली तर फाइल शाबूत आहे का हे तपासता येतं. एमपी३ लागेल तेव्हा फ्लॅकवरून काढा.

प्रश्न : मैफलीच्या सीडीत ट्रॅकच्या मधल्या टाळ्या तुटतात. हे रिपरमुळे होतं का?

बहुधा प्लेअरमुळे किंवा एमपी३मुळे. एमपी३ बनवताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते. फ्लॅक आणि गॅपलेस, म्हणजे ट्रॅकच्या मध्ये खंड न पाडता, वाजवणारा प्लेअर वापरा. दोन ट्रॅकच्या मधला गॅप आधीच्या ट्रॅकला जोडायचा, ही ईएसीची मूळ सेटिंग बदलू नका. सोबत क्यू शीट (ट्रॅक आणि गॅप कुठे सुरू होतात याची नोंद असलेली छोटी फाइल) बनवून ठेवा, म्हणजे तीच सीडी पुन्हा बर्न करताना गॅपच्या खुणा मूळ जागी येतात.