परदेशी गिऱ्हाईक, ऑनलाइन विक्री : कराची नोंदणी कुठे आणि कोणी करायची?

स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा मार्केटप्लेसवरून परदेशी माल पाठवणाऱ्या वाचकांची पत्रे वाढली आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच : धंदा छोटा आहे, मग नोंदणी लागते का? आमचे म्हणणे असे की उलाढालीचा आकडा नंतर बघा. आधी दोन गोष्टी तपासा : विक्री झाली तेव्हा माल कोणत्या देशात होता, आणि गिऱ्हाइकाचे पैसे तुम्ही घेतले की मार्केटप्लेसने. नोंदणीतून सुटका देणाऱ्या मर्यादा अनेक देशांनी तिथल्या दुकानदारांसाठी ठेवलेल्या आहेत. बाहेरून माल धाडणाऱ्याला त्या मिळतीलच असे नाही.

प्रश्न : कोल्हापुरी चपला वेबसाइटवरून परदेशात विकतो. वर्षाची विक्री आठ लाखांच्या आत आहे. चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही असे सगळे सांगतात. खरे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या बाबतीत नाही. चाळीस लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) कायद्याच्या कलम ७ नुसार निर्यात ही आंतरराज्य विक्री धरली जाते, आणि करपात्र मालाची आंतरराज्य विक्री करणाऱ्याला सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याच्या कलम २४ खाली उलाढाल न बघता नोंदणी लागते. कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक कर योजनेत) असलेल्यालाही निर्यात करता येत नाही; आधी त्यातून बाहेर पडून नियमित करदाता व्हावे लागते.

अर्ज आरईजी-०१ या फॉर्मवर, जीएसटी पोर्टलवरच करायचा. पहिला भाग भरला की तात्पुरता क्रमांक मिळतो, तो १५ दिवसच चालतो. तेवढ्यात पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा चढवून टाका. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा जागेच्या पुराव्यावर. वीजबिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते आणि संमतीपत्र जोडलेलेच नसते. बिल ज्याच्या नावे त्याचे सहीचे संमतीपत्र द्या, आणि पत्ता बिलावर आहे तसाच, अक्षर न अक्षर लिहा. खुलासा मागणारी आरईजी-०३ ची नोटीस आली तर सात कामकाजाच्या दिवसांत आरईजी-०४ वर उत्तर गेलेच पाहिजे. नोंदणीनंतर बँक खाते ३० दिवसांत जोडायचे. त्याआधी पहिले जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरायचे असेल तर ते भरण्यापूर्वीच जोडा.

निर्यातीवर कर शून्य आहे, मग हा खटाटोप कशाला, असे वाटेल. कातडे, सोल, चिकट, खोकी, कुरिअर या सगळ्यावर तुम्ही जीएसटी भरलेला असतो. तो आरएफडी-०१ या फॉर्मवर दोन वर्षांच्या आत परत मागता येतो, पण नोंदणी असेल तरच.

नोंदणी झाली की लगेच एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र, भरा. फॉर्म आरएफडी-११, फी नाही, दोन साक्षीदारांची नावे-पत्ते लागतात. ती त्या आर्थिक वर्षापुरतीच चालते. एक एप्रिलला नवी भरायची राहून जाते आणि एप्रिलमधली पार्सले एलयूटीविना जातात, हा प्रकार फार दिसतो. बिलावर माल एलयूटीखाली, एकात्मिक कर न भरता निर्यात होत असल्याची नियमात दिलेली ओळ हवी. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कर व्याजासह भरावा लागतो. डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालय) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांकही काढा. त्याची फी ५०० रुपये आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती डीजीएफटीच्या पोर्टलवर पक्की करावी लागते.

कुरिअरवाल्याला एक गोष्ट स्पष्ट सांगा : पार्सल सीएसबी-५ या सीमाशुल्काच्या कुरिअर फॉर्मवर पाठवायचे. सीएसबी-४ वर गेले तर परताव्यासाठी ती निर्यात धरत नाहीत. बिलाचा क्रमांक जीएसटीआर-१ च्या तक्ता ६ए मध्ये आणि कुरिअरच्या कागदावर एकच असावा. एकीकडे "२५-२६/०४१" आणि दुसरीकडे नुसते "४१", एवढ्या फरकानेही परतावा लटकतो.

प्रश्न : परदेशी मार्केटप्लेस आपली फी कापून उरलेले पैसे खात्यात टाकते. मी तेवढीच विक्री दाखवते. बरोबर आहे ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, यात दोन चुका एकदम होतात. समजा गिऱ्हाइकाने १०० डॉलर दिले, १२ डॉलर फी कापली गेली आणि ८८ हातात आले. तरी बिल १०० डॉलरचेच करायचे, आणि विवरणपत्रातही शंभरच दाखवायचे. कापलेले १२ डॉलर ही तुम्ही परदेशातून घेतलेली सेवा आहे. तिच्यावर १८ टक्के आयजीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, तुम्हीच भरायचा. स्वतःच्या नावे सेल्फ-इन्व्हॉइस करा, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) च्या ३.१(डी) मध्ये रक्कम दाखवा, कर पोर्टलवरच्या रोख खात्यातूनच भरा आणि ४(ए)(२) मध्ये त्याचे क्रेडिट (वजावट) घ्या. एलयूटीवर निर्यात असेल तर ते पैसे पुढे परताव्यात मागता येतात. तुमचा जीएसटी क्रमांक मार्केटप्लेसच्या खात्यात टाकलेला आहे ना, हेही पाहा. नसेल तर ते तुम्हाला साधा ग्राहक धरून फीवर स्वतःच कर लावू शकतात, आणि त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळत नाही.

प्रश्न : पैठणी काठाचे स्टोल जर्मनी-फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांना पाठवतो. दारात कर मागतात म्हणून लोक पार्सल घेतच नाहीत. उपाय काय? – एक वाचक, येवला

उत्तर : हे दुखणे १ जुलै २०२१ पासूनचे आहे. त्याआधी २२ युरोपर्यंतच्या पार्सलांवर आयात व्हॅट माफ असे. ती सूट गेली आणि पहिल्या युरोपासून व्हॅट लागू झाला. गिऱ्हाइकाने तुम्हाला वस्तूचे पैसे दिलेलेच असतात. वर दारात व्हॅट आणि पोस्टाची किंवा कुरिअरची हाताळणी फी मागितली की तो पार्सल परत करतो. परतीचा खर्च शेवटी तुमच्या अंगावर येतो.

उपाय आहे आयओएसएस, म्हणजे आयात मालाच्या व्हॅटसाठीची युरोपीय संघाची एक-खिडकी योजना. १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि सत्तावीसही देशांचे मिळून महिन्याला एकच विवरणपत्र भरायचे. भारतातल्या विक्रेत्याला मात्र ही नोंदणी थेट करता येत नाही. युरोपीय संघात स्थापन झालेला मध्यस्थ नेमावा लागतो. नोंदणी त्याच्या देशात होते आणि कराची जबाबदारी त्याच्यावरही येते. म्हणून तो वार्षिक फी घेतो, कधी अनामतही मागतो.

हिशेब असा करा. स्टोल ६० युरो, टपालखर्च २० युरो, गिऱ्हाईक जर्मनीचे. १५० ची मर्यादा तपासताना फक्त ६० धरायचे, मात्र टपालखर्च बिलात वेगळा दाखवलेला हवा. व्हॅट लावायचा तो ८० वर : १९ टक्क्यांनी १५.२०, एकूण ९५.२० युरो. दर गिऱ्हाइकाच्या देशाचा, म्हणजे फ्रान्सला २०, नेदरलँड्सला २१, हंगेरीला २७ टक्के. वेबसाइटवर देशवार दर भरले नसतील तर फरक तुमच्या नफ्यातून जातो. युरोपातल्या छोट्या विक्रेत्यांना असलेली १०,००० युरोंची सवलत तुम्हाला नाही.

आयओएसएस क्रमांक 'आयएम' या दोन अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे दहा अंक असतात. तो पार्सलवर मोठ्या अक्षरात छापू नका. वाहतूकदाराच्या सीमाशुल्क माहितीत, त्यासाठीच्या रकान्यात भरा. तिथे भरला नाही तर जकातवाले पुन्हा व्हॅट घेतात. असे झाले तर गिऱ्हाइकाकडून भरल्याची पावती मागवा, त्याचा व्हॅट परत करा आणि विवरणपत्रात ती विक्री दुरुस्त करा. एकाच गिऱ्हाइकाच्या ९० युरोंच्या दोन ऑर्डर एका खोक्यात घातल्या की माल १८० चा होतो आणि आयओएसएस चालत नाही. दोन खोकी करा.

मार्केटप्लेसवरून विक्री असेल तर व्हॅट तीच घेते आणि त्या पार्सलापुरता स्वतःचा क्रमांक देते. तोच क्रमांक स्वतःच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरला लावण्याचा सल्ला काही एजंट देतात. तसे करू नका. तो करचुकवेपणा आहे, आणि तो कर मार्केटप्लेसने भरलेला नसल्यामुळे हिशेब जुळवताना उघडा पडतो.

विक्री नसली तरी शून्य विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत गेलेच पाहिजे. वारंवार चुकलात तर योजनेतून काढतात आणि दोन वर्षे परत घेत नाहीत. नोंदी दहा वर्षे जपायच्या. महिन्याला चार-पाच पार्सले असतील तर मध्यस्थाची फी परवडणार नाही; तोवर मार्केटप्लेसवरूनच विका, असे आमचे मत आहे. आणखी एक : १ जुलै २०२६ पासून छोट्या पार्सलांवर वस्तूच्या प्रकारामागे ३ युरो सीमाशुल्क लावायचे युरोपीय संघाने ठरवले आहे. ते व्हॅटहून वेगळे आहे, किमतीत धरून ठेवा.

प्रश्न : हेच स्टोल लंडनला पाठवायचे तर? – तेच वाचक

उत्तर : ब्रिटन आयओएसएसमध्ये नाही. तिथे मर्यादा १३५ पौंडांची. तेवढ्यापर्यंतचा माल स्वतःच्या वेबसाइटवरून विकलात तर एचएमआरसीकडे (ब्रिटनचे कर खाते) व्हॅट नोंदणी करून २० टक्के तुम्ही घ्यायचे. ९०,००० पौंडांची सवलत ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या धंद्याला आहे. तुमच्यासाठी मर्यादा शून्य. मार्केटप्लेसवरून विकले तर व्हॅट तिने भरायचा. १३५ च्या वरच्या पार्सलावर व्हॅट आणि जकात सीमेवर लागते, ते कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच लिहा. माल आधीच तिथल्या गोदामात नेऊन ठेवणार असाल तर जीबी ईओआरआय (सीमाशुल्कासाठीचा ब्रिटिश) क्रमांक आणि व्हॅट नोंदणी दोन्हींची तयारी माल निघण्यापूर्वी करा.

प्रश्न : ठुशी, नथ, बुगड्या अमेरिकेत विकते. थोडा माल न्यू जर्सीत बहिणीच्या घरी ठेवलेला असतो, ती तिथून पाठवते. सेल्स टॅक्स लागतो का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अमेरिकेत देशभराचा व्हॅट नाही, सेल्स टॅक्स राज्यांचा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१८ च्या साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या निकालानंतर, राज्यात पाऊल न ठेवताही ठराविक विक्रीच्या वर नोंदणी लागते. अनेक राज्यांत ती मर्यादा एक लाख डॉलर आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये पाच लाख. पण हे सगळे तिथे माल नसलेल्यासाठी. तुमचा माल बहिणीच्या कपाटात आहे, म्हणजे न्यू जर्सीत तुमचे प्रत्यक्ष अस्तित्व आहे, आणि तिथे पहिल्या विक्रीपासून जबाबदारी येते. फॉर्म एनजे-आरईजी धंदा सुरू करण्याच्या किमान १५ कामकाजाचे दिवस आधी भरायचा असतो. प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडून कर घेऊ नका. दर ६.६२५ टक्के. तिथे साड्या-कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, दागिन्यांवर आहे, तेव्हा दोन्ही विकत असाल तर वेबसाइटवर वर्ग वेगळे लावा. बहीण तुमच्या वतीने पार्सले पाठवते, त्यामुळे आयकराचा प्रश्नही उभा राहू शकतो. तिथल्या सीपीएला (सनदी लेखापालाला) एकदा विचारा.

माल थेट ठाण्याहून जात असेल तर न्यू जर्सीतही विक्रीची मर्यादाच बघायची. जकात मात्र वेगळी : ८०० डॉलरपर्यंतची सूट ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस थांबली आहे. सेल्स टॅक्सची नोंदणी केली म्हणून जकात टळत नाही.

प्रश्न : मेलबर्नला मराठी पुस्तके पाठवतो, दुसरे काही विकत नाही. नोंदणी लागते का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : छापील पुस्तकांवर भारतात जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. बुकमार्क, पिशव्या, मग असे काही करपात्र विकायला घेतले की ही सूट जाते. ऑस्ट्रेलियात पुस्तकांवर १० टक्के जीएसटी आहे, पण तिथली बारा महिन्यांची विक्री ७५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. ही मर्यादा परदेशी विक्रेत्यालाही मिळते.