सासरे फिरायला निघाले की जीव टांगणीला लागतो

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या वकीलताई मिनियापोलिसमध्ये २६ वर्षं पब्लिक डिफेंडर होत्या. ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींची बाजू त्या कोर्टात मांडत.

प्रश्न : माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, डॅलसजवळ, आले आहेत. वय ६८. पहाटे उठून फिरायला जायची सवय. इंग्रजी जेमतेम, त्यात ऐकायला कमी येतं. वाटेत कुणाची फुलझाडं दिसली की उभे राहून बघत बसतात. अलाबामात पोलिसांनी एका भारतीय आजोबांना जमिनीवर आपटलं होतं, ते ह्यांनी त्यांना सांगितलं. तर म्हणाले, "मी गुन्हा केलेला नाही, मला कोण काय करणार?" त्यांना घरात कोंडून ठेवायचं का? (एक सून, टेक्सास)

उत्तर : कोंडून ठेवू नका. पण तुमची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही.

अलाबामातली ती घटना ६ फेब्रुवारी २०१५ची, मॅडिसन गावातली. नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ. मुलाच्या घराजवळच फिरत होते. कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस इथे घुटमळतोय. पोलिस आले, प्रश्न विचारले. हे "नो इंग्लिश" म्हणाले, "इंडिया" म्हणाले, घराचा नंबर सांगायचा प्रयत्न केला. एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरले आणि पायाखालून पाय काढून त्यांना तोंडावर पाडलं. मानेच्या मणक्याला इजा, शस्त्रक्रिया, अर्धवट पक्षाघात. पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात हे चित्रित झालेलं आहे. मी ते कामासाठी कितीतरी वेळा पाहिलंय. पडताना त्यांना हात पुढे टेकता आले नाहीत, कारण हात पोलिसाच्या मुठीत होते.

तुमचे सासरे म्हणतात तेच त्या आजोबांच्याही मनात असणार. गुन्हा नाही तर भीती कसली? पण सुरुवात गुन्ह्यापासून झालीच नव्हती, शेजाऱ्याच्या फोनपासून झाली होती. म्हणून माझा पहिला सल्ला शेजाऱ्यांबाबत आहे. ह्या शनिवारी सासऱ्यांना बरोबर घ्या आणि त्यांच्या फिरण्याच्या वाटेवरच्या दहा-बारा घरांची बेल वाजवा. "हे माझे सासरे, सप्टेंबरपर्यंत इथे आहेत, रोज सकाळी ह्या रस्त्याने फिरतात, तुमची फुलं त्यांना फार आवडतात." एवढं पुरे. खिडकीतून बघणाऱ्याला माणूस ओळखीचा वाटला की तो फोन उचलत नाही.

दुसरं, एक कार्ड करा. खिशात नको, गळ्यात. हे मी मुद्दाम सांगते आहे. घाबरलेला माणूस कागद दाखवायला पटकन खिशात हात घालतो, आणि समोरच्या पोलिसाला त्या हातात काय येणार हे माहीत नसतं. कार्डावर ठळक इंग्रजीत लिहा : मला इंग्रजी कमी समजतं, ऐकू कमी येतं, माझ्या मुलाला फोन करा. खाली नंबर. पासपोर्टची प्रत आणि आय-९४चा, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा, छापील कागद त्याच पाकिटात मागच्या बाजूला ठेवा. परदेशी पाहुण्याने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा इथला केंद्रीय कायदाच आहे, आणि तो आय-९४ पाहुण्यांसाठी तेच काम करतो. मूळ पासपोर्ट मात्र घरी राहू दे.

तिसरं, घरात तालीम घ्या. तुम्ही पोलिस व्हा. मागून हाक मारा, कारण मागून दिलेली आज्ञा ऐकू आली नाही तर ती धुडकावली असा अर्थ लावला जातो. त्यांनी थांबायचं, सावकाश वळायचं, दोन्ही हात पोटासमोर उघडे धरायचे. हात धरला तर ओढून घ्यायचा नाही. ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण कुणी हात धरला की शरीर आपोआप आखडतं, आणि त्या आखडण्याला अहवालात 'विरोध केला' असं नाव मिळतं. असे अहवाल मी शेकड्यांनी वाचले आहेत. पाच-सहा वेळा तालीम केलीत की अंगवळणी पडेल.

हे सगळं ६८ वर्षांच्या माणसाने का शिकायचं, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. त्यांनी शिकावं लागू नये. पगार घेणाऱ्या, प्रशिक्षण मिळालेल्या माणसाने बहिऱ्या म्हाताऱ्याशी कसं वागायचं ते शिकायला हवं. पण ते होईपर्यंत मी तुम्हाला तत्त्व सांगत बसणार नाही, कार्ड करायला सांगेन.

माझा मुलगा १९ वर्षांचा असताना मागचा दिवा बंद म्हणून एका उपनगरात त्याला थांबवलं. तिथल्या पोलिसाचा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पिस्तुलावर होता. मुलगा घरी आला, गाडी दारात लावली आणि आत आलाच नाही. मी वीस मिनिटांनी बाहेर गेले, तर इंजिन बंद आणि दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर, दहा आणि दोनच्या जागी, जसे मीच त्याला शिकवले होते. मी तक्रार केली. चार महिन्यांनी तीन ओळींचं पत्र आलं : चौकशी केली, नियमभंग आढळला नाही. कुणाला काय विचारलं, व्हिडिओ पाहिला की नाही, काही नाही. दिव्याची पावती मी केव्हाच विसरले. ते पत्र मात्र अजून माझ्याकडे आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. अलाबामाच्या खटल्यात व्हिडिओ असूनही पोलिसाला शिक्षा झाली नाही. असं कसं? 'क्वालिफाइड इम्युनिटी'मुळेच ना? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : नाही, आणि ही गल्लत तू आत्ताच मनातून काढून टाक. क्वालिफाइड इम्युनिटी, म्हणजे सरकारी नोकराला दाव्यापासून मिळणारं संरक्षण, नुकसानभरपाईच्या दाव्यात आडवी येते, फौजदारी खटल्यात नाही. त्या पोलिसावर नागरी हक्क तुडवल्याचा केंद्रीय गुन्हा दाखल झाला होता. तिथे त्याने ते जाणूनबुजून केलं हे सिद्ध करावं लागतं. दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि जानेवारी २०१६मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. इम्युनिटीचा मुद्दा दिवाणी दाव्यात आला. तिथे २०२०मध्ये अपील कोर्टाने ती नाकारली, आणि २०२१मध्ये १७.५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

मुळाशी जायचं तर 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' वाच. सारांश नको, अख्खा निकाल वाच, आणि आधी त्यातली हकीकत वाच. १९८४, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट. डेथॉर्न ग्रॅहम मधुमेही. साखर उतरतेय असं जाणवलं म्हणून मित्राला घेऊन दुकानात संत्र्याचा रस घ्यायला गेला. रांग मोठी दिसली म्हणून तसाच धावत बाहेर आला. पोलिसाला वाटलं, चोरी करून पळतोय. गाडी अडवली. ग्रॅहम उतरला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, फुटपाथच्या कडेला बसला आणि थोडा वेळ शुद्ध हरपली. बेड्या घातल्या. साखरेचा त्रास आहे असं मित्र सांगत होता, पण हा नुसता प्यालाय असं पोलिसांचं म्हणणं. कुणीतरी रस आणून दिला, तोही पिऊ दिला नाही. दुकानात काहीच घडलेलं नाही असं कळल्यावर त्याला घरी सोडलं, तोवर पाय मोडलेला होता.

ह्या माणसाच्या नावाने १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली. बळ वाजवी होतं का, हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने बघायचं, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नाही. ऐकायला न्याय्य वाटतं, आणि अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यावा लागणाऱ्या पोलिसासाठी ते काही अंशी न्याय्य आहेही. पण त्यामुळे काही कोर्टं घटनेचा शेवटचा क्षणच तेवढा धरून बसू लागली. पोलिस स्वतःहून चालत्या गाडीवर का चढला, हा प्रश्न बाजूलाच राहायचा आणि गाडीवर चढल्यानंतर त्याला जिवाची भीती वाटली का, एवढंच विचारलं जायचं. हे मी कल्पनेने सांगत नाही. २०१६मध्ये ह्यूस्टनच्या भागात ॲश्टियन बार्न्स ह्याला टोल थकल्यावरून थांबवलं होतं, त्याचा मृत्यू असाच, गाडीवर चढलेल्या पोलिसाच्या गोळीने झाला. त्याच्या आईने दावा लढवला, आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की शेवटचा क्षण नव्हे, संपूर्ण घटनाक्रम बघा. बाईंनी नऊ वर्षं नेट धरला. कॉलेजात तुला निकाल शिकवतील, ती नऊ वर्षं तू स्वतः मोजून बघ.

आता एक गोष्ट माझ्या कामातली. बॉडी कॅमेऱ्याचं बटण दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं, पण कॅमेरा सहसा त्याआधीचे तीस सेकंदही जपून ठेवतो. त्या तीस सेकंदांत चित्र असतं, आवाज नसतो. मी ऑफिसात आधी तेच लावायची. ओठ हलताना दिसतात, कुणाचा तरी खांदा धरलेला दिसतो, माणूस मागे सरकतो. मग एकदम आवाज येतो, आणि पहिले शब्द बहुतेकदा "विरोध करू नकोस!" हेच असतात. ज्युरीला ते शब्द ऐकू जातात. त्याआधी कोण कुणावर चालून गेलं ते मुकं असतं. तू वकील झालीस की अशिलाशेजारी बसून तो मुका भाग दहा वेळा बघ.

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो. शेजारी पोलिस आहे, अतिशय भला माणूस. बर्फ पडला की आमचाही ड्राइव्हवे साफ करून देतो. तुमचे लेख वाचून नवऱ्याचं म्हणणं पडलं की तुम्ही सगळ्या पोलिसांना एकाच मापाने मोजता. (एक वाचक)

उत्तर : तुमच्या यजमानांना राग आला असेल तर तो मी समजू शकते. भले पोलिस मीही पाहिले आहेत. साक्षीच्या पिंजऱ्यात "माझी चूक झाली" असं म्हणालेला एक मला जन्मभर आठवेल.

पण भलेपणाने काय होतं आणि काय होत नाही, हे मी माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर पाहिलं. ३८वा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यू, २५ मे २०२०. जॉर्ज फ्लॉइड ह्या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिस डेरेक शॉव्हिनचा गुडघा ९ मिनिटं २९ सेकंद होता, त्यातच ते गेले. त्यांचे पाय धरलेला पोलिस नोकरीत अगदी नवा, पूर्ण पोलिस म्हणून त्याचा चौथा दिवस. त्याने विचारलं, ह्याला कुशीवर वळवू या का? एकदा नव्हे, पुन्हा विचारलं. शॉव्हिन १९ वर्षं नोकरी केलेला. नाही म्हणाला, आणि हा नवखा गप्प बसला. तो वाईट माणूस नसेलही. पण वरिष्ठाचा हात धरायचं बळ त्याला कुणी दिलं नव्हतं. पुढे त्यालाही तुरुंगात जावं लागलं.

आणि त्या रात्री पोलिसांनी पत्रक काढलं : पोलिसांशी संपर्क आला असताना वैद्यकीय कारणाने एकाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेख नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर सगळं चित्रित केलं नसतं तर आजही कागदावर तेवढंच राहिलं असतं. माझ्या मते विश्वास तिथे मोडला. गुडघा एका माणसाचा होता. पत्रक खात्याचं होतं. त्या वर्षी गॅलपच्या पाहणीत पोलिसांवर भरवसा आहे म्हणणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४८ टक्के. कृष्णवर्णीयांमध्ये १९ टक्के. २०२४मध्ये एकूण आकडा ५१वर आला, पण आमच्या गल्लीत अजूनही अशी घरं आहेत जी चोरी झाली तरी ९११ फिरवत नाहीत. घरात कुणाचं मानसिक संतुलन ढळलं तर मी स्वतः आधी ९८८ हा मानसिक संकटासाठीचा मदतक्रमांक फिरवायला सांगते, पोलिसांना नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटतं.

हेही सांगायलाच हवं की शॉव्हिनच्या खटल्यात शहराचे पोलिस प्रमुख मेडेरिया ॲराडोंडो स्वतः साक्षीला उभे राहिले आणि हे आमच्या धोरणात बसत नाही असं शपथेवर म्हणाले. मी ते टीव्हीवर पाहत होते. इतक्या वर्षांत पोलिस प्रमुखाला आपल्याच माणसाविरुद्ध असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. उभीच राहिले. पुढे केंद्र सरकारने शहराशी सुधारणेचा करार केला आणि मे २०२५मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. राज्याने केलेला करार अजून लागू आहे, कोर्टाच्या देखरेखीखाली. तेवढाच एक दोर उरलाय.

तुमच्या शेजाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो बर्फ काढायला येईल तेव्हा चहा द्या आणि मोकळेपणाने एकच विचारा : तुमच्या खात्यात एखाद्याने सहकाऱ्याचा हात शेवटचा कधी धरला, आणि त्यानंतर हात धरणाऱ्याचं काय झालं? बढती, बदली की अबोला? तो जे सांगेल ते नाव-गाव न घालता मला कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवते.