तिला नाही म्हणायला माझं नाव वापरू नका

प्रश्न : आमची मोठी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स, आतापर्यंत ६४ टक्के. तिला जिओफिजिक्स शिकायचं आहे, म्हणजे जमिनीखालची खनिजं मशीन लावून शोधायची. आम्ही म्हणतो बी.एड. कर, नाहीतर एमपीएससी दे. गेल्या उन्हाळ्यात बोअर घेण्याआधी मी मशीनवाला बोलावला होता. चार खुंट्या ठोकल्या आणि दोनशे फुटांवर पाणी आहे म्हणाला. चारशे फूट गेलो, नुसता फुफाटा निघाला. असल्या विद्येसाठी मुलीला रानोमाळ पाठवायचं का? आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश देणाऱ्या जॅम परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मी दिलेले नाहीत. धाकटा डॉक्टरकीसाठीची ‘नीट’ परीक्षा रिपीट करतोय, तो खर्च आहेच. मुलगी तुमची उत्तरं वाचते. हे क्षेत्र मुलींचं नाही एवढं लिहा, ती ऐकेल.
(एक पालक, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर :

नमस्कार. तुम्हाला हवं ते वाक्य मी लिहिणार नाही. ते खरं नाही, आणि खरं असतं तरी तिच्या पाठीमागे ठरवून लिहिलं नसतं. तुम्ही सल्ला मागितलेला नाही. निर्णय तुमचा झालेला आहे, त्यावर माझी सही हवी आहे. ती माझं वाचते, माझ्यावर विश्वास ठेवते, म्हणूनच हे करणं मला जमणार नाही.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एकात मुलगा नीट रिपीट करतोय. त्याचा खर्च आहेच म्हणता, तो झेपतो का, त्याला जमेल का, असा प्रश्न कुठेच नाही. दुसऱ्यात मुलीच्या एका फॉर्मचे पैसे तुम्ही अडवले आहेत. मुलींना या फॉर्मची फी कमी असते, म्हणजे अडचण पैशांची नाही. लातुरात राहून एका मुलाच्या क्लासला किती जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुम्ही वाईट बाप आहात असं मला म्हणायचं नाही. काळजी नसती तर तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंच नसतं. पण दोन लेकरांना लावलेली दोन मापं तुमच्या अक्षरात माझ्यासमोर आहेत आणि ती घरात तिलाही दिसत असणार.

आता त्या कोरड्या बोअरबद्दल, कारण तुमचा खरा गैरसमज तिथे आहे. मशीनला पाणी दिसत नाही. सोनं, तांबं, लोखंडही दिसत नाही. त्या चार खुंट्यांपैकी दोनांतून जमिनीत वीज सोडतात आणि उरलेल्या दोनांमधला विद्युतदाब मोजतात. त्यावरून कळतं एवढंच की खालचा खडक विजेला किती अडवतो. पाण्याने भरलेला भेगाळ खडक कमी अडवतो, चिकणमातीही कमी अडवते. यातलं खाली नेमकं काय आहे, हे त्या भागाचा भूगर्भ जाणणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं. तुमच्याकडे आलेल्याने ते कसं ठरवलं, मला माहीत नाही. पण ठाम आकडा सांगून मोकळा होणारा माणूस या विद्येचा नमुना नव्हे. खनिजांचंही असंच आहे. तांब्याच्या सल्फाइड खनिजांसारखाच संकेत ग्रॅफाइटही देतो, आणि त्यावर भरवसा ठेवून घेतलेली भोकं जगभर वाया गेली आहेत.

दक्षिण ऑस्ट्रेलियातली ऑलिंपिक डॅम ही खाण आज जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे-युरेनियम साठ्यांपैकी एक आहे. १९७५ साली तिथे मेंढ्यांची सपाट कुरणं होती, वर खनिजाची काहीही खूण नव्हती. गुरुत्व आणि चुंबकीय मोजणीत दोन्ही आकडे एकाच जागी वाढलेले दिसले, म्हणून ड्रिलिंग झालं आणि सुमारे साडेतीनशे मीटर निरुपयोगी थरांखाली तांबं लागलं. मोजणीने इतकंच सांगितलं होतं की इथे खाली काहीतरी जड आणि चुंबकीय आहे. भूवैज्ञानिकांनी जी कल्पना मनात धरून भोक घेतलं होतं, तिच्यापेक्षा वेगळ्याच प्रकारचा साठा निघाला. साठा खरोखर किती मोठा आहे याचा अंदाज पुढच्या वर्षी, दहाव्या भोकात आला. मधली भोकं फारशी आशा लावणारी नव्हती. तरी काम चालू ठेवायचं की गाशा गुंडाळायचा, हे आकडे वाचू शकणाऱ्या माणसांनी ठरवलं. तुमच्या लेकीला हे काम शिकायचं आहे.

आणि हे शिकायला तुमच्या तालुक्याइतकं सयुक्तिक ठिकाण क्वचितच असेल. १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल भोक घेतलं. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, संपायला सुमारे ३४० मीटर लागले, मग त्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा खडक लागला. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या बेसाल्टने झाकलेला आहे. आपल्या लोखंड, मँगनीज, कोळशाच्या खाणी गडचिरोली, भंडारा, नागपूर, चंद्रपूरकडे आहेत, कारण तिथे हे झाकण नाही किंवा विरळ आहे. झाकणाखाली काय आहे हे उरलेल्या राज्यात फारसं कुणाला माहीत नाही. त्यात बेसाल्ट स्वतःच चुंबकीय, त्यामुळे खालचा क्षीण संकेत वेगळा काढणं फार अवघड. या प्रश्नाला माणसं हवी आहेत.

आता मुलीशी बोलते, कारण ती हे वाचणार आहे. तुझ्या बाबांनी पत्रात बोअरची खोली लिहिली, भावाचा क्लास लिहिला, पण तुझ्या पदवीत गणित आहे की नाही हे लिहिलं नाही. माझ्यासाठी ६४ टक्क्यांपेक्षा ते महत्त्वाचं आहे. डोंगर, जंगल, फिरणं आवडतं म्हणून तू इकडे येत असशील तर थांब. रानात केबल ओढत रांगा चालणं हा कामाचा लहान भाग. उरलेले महिने संगणकासमोर आकडे दुरुस्त करण्यात आणि मॉडेलं जुळवण्यात जातात. एकाच मोजणीला चार वेगळी मॉडेलं बसतात आणि त्यातलं एक निवडून त्याची जबाबदारी घ्यावी लागते. डिफरेन्शियल इक्वेशन्सचा कंटाळा येत असेल तर एम.एस्सी.ची दोन वर्षं तुला छळतील. येत नसेल तर तुझं फिजिक्स इथे भूगर्भशास्त्राच्या पदवीइतकंच कामाला येतं.

मार्ग नेहमीचेच आहेत : जॅम देऊन मुंबई, खरगपूर किंवा धनबादची आयआयटी, पुढे यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा किंवा एम.टेक.साठीची गेट परीक्षा.

बाबा, खासगी कंपन्यांत बरीच कामं कंत्राटी असतात आणि खनिजांचे भाव पडले की सर्वेक्षणं आधी थांबतात. ही भीती खरी आहे, ती तिच्यासमोर जरूर मांडा. मुलींबद्दलची मात्र जुनी झाली. भूमिगत खाणीत स्त्रियांना असलेली बंदी २०१९ सालीच तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी दिवसापुरती उठली, आणि सर्वेक्षणाच्या कामाला ती आडकाठी आधीही नव्हती.

बी.एड. पुढच्या वर्षीही करता येईल, एमपीएससीचंही तेच. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. फॉर्मचे पैसे या आठवड्यात तिच्या हातात द्या. आणि यापुढचं पत्र तिला लिहू द्या, गणिताच्या प्रत्येक सत्राच्या गुणांसकट.