फायनान्सच्या मास्टर्सच्या अर्जात करिअर गोल काय लिहावं? नोकरी अमेरिकेतच करायचीय असं लिहिलं तर व्हिसाला अडचण येते का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच भीतीपोटी बहुतेकांचा निबंध गुळमुळीत होतो. अर्जातला निबंध प्रवेश समिती वाचते, कॉन्सुलेट नाही. पण व्हिसाच्या मुलाखतीत ‘शिकून झाल्यावर काय करणार’ हे विचारलं जातंच. एफ-१ हा विद्यार्थ्यांचा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम राहण्यासाठी नसलेला, व्हिसा आहे आणि अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी) नुसार तुमचा कायम राहण्याचा इरादा नाही हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. दुसरीकडे, पदवीनंतर १२ महिने काम करायची मुभा, म्हणजे ओपीटी, नियमातच आहे. तेव्हा ‘पदवीनंतर नियमात बसेल तेवढा काळ तिथे अनुभव, पुढे मायदेशी अमुक काम’ हे दोन्हीकडे चालतं, अर्थात ते खरं असेल तर. निबंधात एक आणि खिडकीवर दुसरं, असं मात्र करू नका.

आता मूळ प्रश्न. समिती तुमची स्वप्नं मोजत नाही. या मुलाला किंवा मुलीला आपल्या कोर्समधून नोकरी लागेल का, एवढंच ती बघते. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते: ज्या नोकरीचं नाव घेतलंय, तिथे व्हिसा स्पॉन्सर करतात का, म्हणजे कंपनी तुमच्यासाठी कामाच्या व्हिसाचा अर्ज करते का?

सगळ्यात जास्त अर्ज पदाच्या पातळीवर फसतात. मास्टर्स इन फायनान्स करून नवखा माणूस बँकेत ॲनालिस्ट म्हणून लागतो. असोसिएट, म्हणजे त्याच्या वरची पायरी, हे प्रामुख्याने एमबीएवाल्यांचं दार आहे. प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे कंपन्या विकत घेऊन पुढे नफ्यात विकणाऱ्या फंडांत, तर साधारणपणे दोनेक वर्षं बँकिंग केलेल्यांना घेतात. त्यामुळे ‘पदवीनंतर लगेच प्रायव्हेट इक्विटी असोसिएट’ असं लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, गृहपाठ झालेला नाही. इन्व्हेस्टमेंट बँकिंग लिहायला हरकत नाही, पण कोर्सचं वेळापत्रक बघा. मोठ्या बँका समर इंटर्नमधूनच बरीचशी कायमची भरती करतात आणि त्या इंटर्नशिपच्या मुलाखती वर्षभर आधी उरकलेल्या असतात. ऑगस्टला सुरू होऊन मे महिन्यात संपणाऱ्या कोर्समध्ये मधला उन्हाळाच नसतो. बँकिंगच करायचं असेल तर मध्ये उन्हाळा येणारा लांब कोर्स निवडा, नाहीतर ही अडचण कशी ओलांडणार ते लिहा.

दुसरी गोष्ट सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला त्याच्या विषयानुसार मिळणारा क्रमांक. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स (२७.०३०५) सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे, फायनान्शियल ॲनॅलिटिक्स २०२२ मध्ये आलं, पण साधं फायनान्स (५२.०८०१) यादीत नाही. कोड स्टेम असेल तर ओपीटीला २४ महिने जोडून मिळतात, मात्र कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कर्मचाऱ्याला काम करायची परवानगी आहे का हे तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेली हवी. एकूण ३६ महिने म्हणजे एच-१बी या कामाच्या व्हिसासाठी मार्चमध्ये होणाऱ्या सोडतीत साधारण तीन वेळा नाव घालता येतं; १२ महिन्यांत एकदाच. कोर्सच्या नावावर जाऊ नका. नाव फायनान्सच असलं तरी कोड वेगळा असू शकतो. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, तो छापलेला असतो, पण आय-२० प्रवेशानंतर येतं, म्हणून आधीच विभागाला मेल टाका.

पद ठरवायचं तर अंदाजाने नको. कोर्सचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडा आणि पदवीधर कोणत्या कामांवर लागले ते बघा. परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा. मग अमेरिकेच्या कामगार खात्याची एलसीए फाइल, म्हणजे एच-१बीसारख्या व्हिसासाठी कंपन्यांनी खात्याकडे केलेल्या अर्जांची यादी, उतरवून घ्या. ती दर तिमाहीला येते आणि फुकट आहे. कोणत्या कंपनीने, कोणत्या पदासाठी, किती पगारावर अर्ज केला हे सगळं तिच्यात असतं. फाइल अवजड आहे, उघडायला वेळ लागतो, पण तासाभरात जे कळतं ते कुठलाही कन्सल्टंट सांगणार नाही. छोट्या ॲडव्हायझरी फर्म्स स्पॉन्सरशिपच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, हेही त्यात दिसतं.

एक नमुना. बहुतेक अर्जांत हे असतं: ‘जागतिक वित्तक्षेत्रात नेतृत्व करून समाजाला योगदान द्यायचं माझं ध्येय आहे.’ यात नोकरी कुठेच नाही. याऐवजी: ‘पदवीनंतर मोठ्या बँकेच्या मॉडेल व्हॅलिडेशन गटात ॲनालिस्ट म्हणून कर्जाच्या जोखमीची मॉडेल्स तपासायची आहेत. सध्याच्या कामात मी स्कोअरकार्ड बांधतो, पण ते स्वतंत्रपणे तपासण्याइतकं सांख्यिकी मला येत नाही. तुमचे टाइम सिरीज आणि क्रेडिट रिस्क हे दोन विषय त्यासाठी हवेत. पुढे मायदेशातल्या बँकेत असा गट उभारायचा आहे.’ पद, आजची उणीव, ती भरणारे विषय आणि पुढचा टप्पा, सगळं चार वाक्यांत आलं. हे पद मी मुद्दाम घेतलं. फेडरल रिझर्व्हच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांमुळे मोठ्या बँकांत हे काम स्वतंत्र गटाकडे गेलं आणि त्याला गणित-कोडिंग येणारी माणसं लागतात. तुमची पार्श्वभूमी अकाउंटिंगची असेल तर हेच वाक्य उचलू नका, मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल.

प्लॅन बी एका वाक्यात द्या, पण शेजारचाच: मॉडेल व्हॅलिडेशन नाही तर क्रेडिट रिस्क ॲनॅलिटिक्स. ‘नाहीतर कन्सल्टिंग किंवा स्टार्टअप’ म्हणजे पहिल्या ध्येयावरही पाणी.

व्हिसा, सोडत, ओपीटी हे शब्द निबंधात आणायची गरज नाही. ते हिशोब तुमच्या निवडीत दिसू द्या. ५०० शब्दांचा निबंध असेल तर ध्येयाला दीडशेच्या आसपास पुरतात. आणि एकच परिच्छेद दहा कॉलेजांना पाठवताना विषयांची नावं तरी बदला. दुसऱ्याच कॉलेजचा विषय राहून गेलेले अर्ज दरवर्षी येतात.