बांधकाम साइटवर वापरायला दोन हजाराचं 'मिलिटरी ग्रेड' मोबाईल कव्हर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की नागपूरला साइट सुपरव्हायझर आहात, फोन नवीन आहे तीस हजाराचा, आणि दुकानदार दोन हजाराचं जाडजूड कव्हर दाखवून म्हणतोय की हे मिलिटरी ग्रेड आहे, तिसऱ्या मजल्यावरून पडला तरी काही होणार नाही. मी पण आरसीसीच्या कामावरच असतो, त्यामुळे फोनची काय हालत होते ते माहितीये. रगेड म्हणजे दणकट कव्हर घ्याच, पण तिसऱ्या मजल्याचं डोक्यातून काढा, आणि खोक्यावर काय छापलंय त्याचे पैसे देऊ नका.

आधी ते मिलिटरीचं काय आहे ते सांगतो. खोक्यावर बहुतेक 'मिल-एसटीडी-८१०जी' असं असतं. हे अमेरिकन सैन्याचं २००८ सालचं टेस्टिंगचं स्टँडर्ड, त्याच्यानंतर २०१९ ला ८१०एच पण आलं. ८१०जी मध्ये एक ड्रॉप टेस्ट आहे, वस्तू १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा टाकायची, सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे असा हिशोब. आणि टाकायची कशावर, तर काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर! त्यातही ते २६ ड्रॉप एकाच पीसवर करायची गरज नाही, पाच पीसपर्यंत वाटून करता येतात. वर आणि अमेरिकेचं सैन्य कुणाच्या कव्हरला सर्टिफिकेट वगैरे देत नाही, कंपनी स्वतः टेस्ट करते किंवा लॅबकडून करून घेते आणि छापते. म्हणजे खोटं असतं असं नाही, पण त्याचा अर्थ एवढाच की छातीच्या उंचीवरून लाकडावर पडला तर वाचला. दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला की साधारण २ ज्यूल एनर्जी घेऊन आपटतो, दहा मीटरवरून पडला की २० ज्यूल, उंची दहापट तर मारही दहापट, तो दुकानदार कशाच्या जोरावर बोलतोय त्यालाच माहीत.

आता दुकानात बघायचं काय. खोकं उघडायला लावा आणि कव्हर फोनला चढवूनच बघा, नुसतं हातात घेऊन काही कळत नाही. काउंटरच्या काचेवर फोन पालथा ठेवा आणि खालून जाडसा कागद, व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, आरामात गेलं पाहिजे, म्हणजे कव्हरची कड स्क्रीनच्या वर आहे. पण ही तपासणी टेम्पर्ड ग्लास लावून करा, कारण ती काच लावली की कड तेवढी कमी होते आणि मग बऱ्याच कव्हरात काहीच उरत नाही. कॅमेऱ्याच्या बाजूने पण तसंच.

पण आपल्यासाठी मुद्दा असाय की कडेचा उपयोग सपाट फरशीवर. साइटवर फरशी कुठे असते, खाली २० एमएमची खडी पडलेली असते नाहीतर सळईचे तुकडे, आणि पालथा पडला की एखादा टोकदार दगड कड-बिड सोडून थेट काचेवर बसतो. तिथे दोन हजाराचं कव्हर आणि दोनशेचं कव्हर सारखंच. म्हणून टेम्पर्ड ग्लास लागतेच, आणि ती फुटण्यासाठीच असते, फुटली की बदलायची. त्याच्यावर ९एच लिहितात ती पेन्सिलच्या टोकाने चरा पडतो का ते बघायची हार्डनेस आहे बरं का, वाळूतला क्वार्ट्ज काचेपेक्षा कडक असतो, त्यामुळे चरे पडणारच.

कोपरे अंगठ्याने दाबून बघा. बाहेर कडक पॉलीकार्बोनेट असलं तरी चालेल पण आत मऊ टीपीयू, म्हणजे रबरासारखं लवचिक प्लास्टिक, पाहिजे आणि कोपऱ्यात थोडी पोकळी पाहिजे, हेल्मेटच्या आतल्या थर्माकोलचं जे काम तेच. आपटल्यावर फोनला थांबायला दोन-तीन मिलिमीटर जास्त मिळाले की झटका खूप कमी होतो. नुसतं कडक प्लास्टिक असेल तर दिसायला दणकट, पण झटका जसाच्या तसा फोनपर्यंत जातो. मग एक कोपरा नखाने ओढून बघा, सहज निघाला तर पहिल्याच आपटीत कव्हर एकीकडे आणि फोन एकीकडे. तिथल्या तिथे एक कॉल पण करून बघा, माईकचं भोक थोडं जरी झाकलं गेलं तरी समोरच्याला नीट ऐकू जात नाही, आणि आपला निम्मा दिवस फोनवरच जातो.

आता नागपूर म्हणलात म्हणून मुद्दाम सांगतो, मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४५ ला जातो. आयफोन ० ते ३५ डिग्री हवेत वापरा असं अ‍ॅपल स्वतःच सांगतं, बाकीच्या कंपन्यांचे फोन पण गरम झाले की ब्राइटनेस कमी करतात, चार्जिंग स्लो करतात. जाड कव्हर ही उष्णता आत धरून ठेवतं. म्हणून चार्जिंगला लावताना, हॉटस्पॉट चालू असताना, गाडीत ठेवताना कव्हर काढता आलं पाहिजे. आणि इथेच ते दोन-तीन तुकड्यांचं क्लिपवालं कव्हर नकोसं होतं, एक तर निघता निघत नाही आणि ओढताना क्लिप तुटते. ऑटरबॉक्स डिफेंडर हे त्या थरांच्या प्रकारातलं, वाईट नाही, पण रोज काढ-घाल करायला नाही. स्पायजेनच्या रगेड आर्मरसारखं एका तुकड्याचं टीपीयूचं तुम्हाला जास्त सोयीचं, तसल्या टाइपची इतर कंपन्यांची पण आठशे-हजाराच्या आत मिळतात.

काढण्याचं दुसरं कारण धूळ. सिमेंट आणि क्रशची कच कव्हरच्या आत शिरतेच, कितीही फिट असू दे, आणि मग आत राहून फोनचीच बॉडी घासते, बाहेरून कव्हर टकाटक आणि आत फ्रेमचा रंग गेलेला. आठवड्याला एकदा काढून पुसायचं, पावसाळ्यात तर जास्तच कारण ओल पण अडकते. चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण असेल तर चांगलंच, धूळ अडते, पण त्याने फोन वॉटरप्रूफ होत नाही. आयपी६८ वगैरे, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचं, हे फोनचं रेटिंग असतं, फोनला नसेल तर साध्या कव्हरने येणार नाही.

मॅग्नेटवालं मात्र घेऊ नका. बार कटिंगचा, म्हणजे सळई कापतानाचा, लोखंडी चुरा सगळा त्याला चिकटतो आणि तिथून स्पीकरच्या जाळीत जातो. बाइकच्या हँडलला फोन लावून साइटवर जात असाल तर ते पण बघा, मोठ्या इंजिनच्या बाइकच्या व्हायब्रेशनने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (फोटो हलू नये म्हणून असतं ते) खराब होऊ शकतं असं अ‍ॅपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं, त्याला कव्हर काही करू शकत नाही.

आणि दोरीचं भोक आहे का बघा. फोन हातातून कमी पडतो, शर्टाच्या खिशातून जास्त, वाकून स्टील चेक करताना. जाड कव्हरने फोन जड होतो आणि खिशातून वर राहतो, म्हणजे अजूनच लवकर निसटतो. शंभर रुपयाची दोरी गळ्यात किंवा बेल्टला अडकवली की तिसऱ्या मजल्याचा प्रश्नच मिटतो. फक्त बार बेंडिंग मशीन, मिक्सर, लिफ्टजवळ जाताना ती गळ्यात ठेवू नका, काढून ठेवा.

फोनचं मॉडेल कुठलं आणि फिंगरप्रिंट साइडला आहे का स्क्रीनमध्ये ते कमेंटमध्ये टाका, स्क्रीनमध्ये असेल तर काच कुठली लावायची ते वेगळं बघावं लागतं.