हॉटेल शोधताय? आधी खोलीचं नाव वाचा

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे हॉटेलांचेच प्रश्न येतात, यावेळी तर बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक पत्रं थोडी छाटलीत, रागावू नका.

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायकोने मिळून एक हॉटेल पसंत केलं आणि आता आठवडाभर घरात तोच एक विषय चालू आहे. एका साईटवर एक रेट, दुसरीवर कमी, तिसरीवर त्याहून कमी, आणि हॉटेलच्या स्वतःच्या साईटवर सगळ्यात जास्त. तारखा त्याच, हॉटेल तेच. हे म्हणतात सगळ्यात स्वस्त आहे ते घेऊन टाक, मला त्यात गोम वाटते. कोणाचं बरोबर?

उत्तर: गोम आहे पण ती फसवणूकच असेल असं नाही, बहुतेक वेळा तुम्ही दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी ठेवून भांडत असता एवढंच. बुकिंग हॉटेलचं होत नाही हो, एका ठराविक प्रकारच्या खोलीचं, ठराविक अटींवर होतं. सगळे टॅब उघडा आणि रेटकडे न बघता आधी खोलीचं पूर्ण नाव वाचा. एकीकडे ‘स्टँडर्ड डबल’ असेल, दुसरीकडे ‘इकॉनॉमी डबल’, आणि तिसरीकडे त्याच फोटोखाली बारीक अक्षरात ‘खिडकी नाही’ असंही असेल. मग खालच्या ओळी बघा, ब्रेकफास्ट धरलाय का, कॅन्सल केलं तर पैसे परत मिळणार का, पैसे आत्ता कापणार की तिथे गेल्यावर, आणि रेट किती माणसांचा आहे. तुमची स्वस्त साईट ‘नॉन-रिफंडेबल’ रेट दाखवत असणार आणि हॉटेलची साईट कॅन्सल करता येणारा, असं मला पत्र वाचूनच वाटतंय.

दुसरं म्हणजे टॅक्स. लिस्टमधला आकडा आणि पेमेंटच्या पानावरचा आकडा यात बऱ्याचदा चांगलाच फरक असतो, टॅक्स, क्लीनिंग फी, रिसॉर्ट फी असं काय काय मागून येऊन चिकटतं. अमेरिकेत मे 2025 पासून सुरुवातीलाच सगळ्या सक्तीच्या फी धरून रक्कम दाखवायची असा नियम आलाय (सरकारी टॅक्स मात्र तिथेही वेगळा दाखवता येतो), पण सगळीकडे असा नियम नाही. म्हणून प्रत्येक साईटवर कार्ड नंबर मागतात त्या पानापर्यंत जायचं, तिथली शेवटची रक्कम लिहून घ्यायची आणि मागे फिरायचं. तुलना त्या आकड्यांची करायची.

आणि पाच-पाच साईट बघून फार मोठा रिसर्च केला असंही समजू नका. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, कायाक, प्राईसलाईन हे सगळे बुकिंग होल्डिंग्ज या एकाच कंपनीचे आहेत, आणि एक्स्पीडिया, हॉटेल्स डॉट कॉम, व्हर्बो हे एक्स्पीडिया ग्रुपचे. म्हणजे दुकानं पाच दिसली तरी गल्ल्यावर बसलेले मालक दोनच. भाव जुळवून दाखवणाऱ्या साईटही वाटतात तितक्या निःपक्षपाती नसतात. त्यातल्या ट्रिवागोला ऑस्ट्रेलियातल्या कोर्टाने 2020 मधे दिशाभूल केल्याबद्दल दोषी धरलं, कारण जो रेट सगळ्यात चांगला म्हणून ठळक दाखवला जायचा तो सगळ्यात स्वस्त असेलच असं नव्हतं, क्लिकमागे कोण जास्त पैसे देतो याचा त्यात मोठा हात होता. 2022 मधे 4 कोटी 47 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. तेव्हा लिस्टमधे पहिलं आलं म्हणजे चांगलं, हे डोक्यातून काढून टाका.

आता तुमच्यासाठी उपाय. साईट हॉटेलकडून कमिशन घेते, साधारण 15 टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणून खोली आणि तारखा पक्क्या झाल्या की हॉटेलला सरळ मेल टाका, ही खोली या तारखांना या अटींवर अमुक ठिकाणी इतक्याला दिसतेय, तुम्ही काय द्याल? स्क्रीनशॉट जोडा. पूर्वी बऱ्याच साईट हॉटेलवाल्यांना आमच्यापेक्षा स्वस्त द्यायचं नाही अशी अट घालायच्या, युरोपात बुकिंग डॉट कॉमने ही अट 2024 मधे काढली. रेट कमी नाही केला तरी ब्रेकफास्ट किंवा उशिरा चेक-आऊट पदरात पडू शकतं. नाहीच म्हणाले तर साईट आहेच की, विचारायला काय जातंय.

प्रश्न: ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (मागचे सर्च लक्षात न ठेवणाऱ्या) विंडोमधे सर्च केलं की हॉटेल स्वस्त मिळतं हे खरं का?

उत्तर: त्यावर भिस्त ठेवू नका. फरक पडतो तो लॉग-इन केल्यावर मिळणाऱ्या मेंबर रेटमुळे किंवा मोबाईल ॲपवरच्या डिस्काउंटमुळे, म्हणजे उलट लॉग-इन करून बघितलेलंच बरं. मात्र कोणाला काय आधी दाखवायचं यात साईटवाले हात चालवतात. 2012 मधे ऑर्बिट्झ ही साईट मॅक कॉम्प्युटरवाल्यांना महागडी हॉटेलं वर दाखवते हे बाहेर आलं होतं. त्याच खोलीचा रेट वाढवत नव्हते, फक्त क्रम बदलत होते. क्रमाचं मघाशी बोललेच.

प्रश्न: ताई एका हॉटेलला 8.7 रेटिंग आहे पण रिव्ह्यू वाचायला घेतले तर कोणी म्हणतं स्वर्ग, कोणी म्हणतं झुरळं. शेकडो रिव्ह्यू आहेत, सगळे वाचून डोकं बधीर झालं. विश्वास कोणावर ठेवायचा?

उत्तर: सगळे वाचायचेच नाहीत. एकूण आकडा हा वर्षानुवर्षांचा सरासरी काढलेला काढा असतो, त्यात मालक बदललेला कळत नाही, शेजारी बांधकाम सुरू झालेलं कळत नाही. सगळ्यात आधी ‘नवीन आधी’ असं सॉर्ट करा आणि गेल्या तीन-चार महिन्यांचेच वाचा. मग तुमच्यासारखे कोण आहेत ते फिल्टर लावा, कुटुंब, जोडपं, एकटे, बिझनेसवाले. कामासाठी एक रात्र झोपायला आलेल्याला खोली छोटी असली तरी चालते, त्याने 10 पैकी 10 दिले म्हणून दोन मुलं घेऊन जाणाऱ्याला काय उपयोग?

पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही थोडे बाजूला ठेवा, एक खुशीत असतो एक रागात. मधले, तीन स्टारवाले, ते वाचण्यासारखे असतात. ‘सगळं छान पण रस्त्याच्या बाजूची खोली घेऊ नका, पहाटे कचऱ्याची गाडी येते’ अशी एक ओळ शंभर ‘अमेझिंग’पेक्षा कामाची. आणि रिव्ह्यूमधे शब्द शोधायची सोय असते ती वापरा. आवाज, गरम पाणी, लिफ्ट, वास, वाय-फाय, पार्किंग, जे तुम्हाला महत्त्वाचं ते टाका (रिव्ह्यू परदेशी असतील तर इंग्रजीत टाका), तीच तक्रार वेगवेगळ्या महिन्यात वेगवेगळी माणसं करत असतील तर ती खरी समजा. मालकाची उत्तरंही वाचा बरं का. ‘पंप बदलला’ म्हणणारा मालक वेगळा आणि प्रत्येक तक्रारीखाली एकच कॉपी-पेस्ट ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ डकवणारा वेगळा.

रिव्ह्यू कोण लिहू शकतं हेही साईटनुसार बदलतं. बुकिंग डॉट कॉमवर तिथून बुकिंग केलेल्यांनाच लिहिता येतं, ट्रिपॲडव्हायझर आणि गूगल मॅप्सवर कोणीही लिहू शकतं. 2017 मधे लंडनमधल्या एका पठ्ठ्याने स्वतःच्या अंगणातल्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपॲडव्हायझरवर टाकलं आणि खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर शहरात पहिल्या नंबरवर आणून दाखवलं, रेस्टॉरंट अस्तित्वातच नव्हतं! आणि वेगवेगळ्या साईटचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. बुकिंग डॉट कॉमवर तर 2019 पर्यंत सगळ्यात वाईट मार्क दिले तरी आकडा अडीचच्या खाली जायचा नाही.

झुरळांचं म्हणाल तर तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीचं एकच असेल तर सोडून द्या, गेल्या महिन्यात दोघांनी लिहिलं असेल तर हॉटेल सोडून द्या.

प्रश्न: हॉटेलला चार स्टार आहेत, म्हणजे चांगलंच असणार ना?

उत्तर: जगभर चालेल असा स्टारचा एकच नियम नाही. युरोपातल्या काही देशांनी 2009 मधे एकत्र येऊन सामायिक निकष केले, बाकी ठिकाणी ज्याचे त्याचे निकष, आणि काही साईट तर स्वतःच स्टार देतात. शिवाय स्टार बहुतेक सोयींवर मिळतात, स्वच्छतेवर किंवा माणसांच्या वागण्यावर नाही.

प्रश्न: ‘या रेटला शेवटची 1 खोली’, ‘आत्ता 14 जण बघताहेत’ असं लाल अक्षरात आलं की माझा हात थरथरतो आणि मी बुक करून मोकळी होते. काय करू गं ताई?

उत्तर: अगं, ‘शेवटची खोली’ म्हणजे त्या साईटला त्या रेटमधे दिलेली शेवटची खोली, हॉटेल भरलं असं नाही. आणि ते 14 जण तुझ्याच तारखा बघताहेत हे तुला कोणी सांगितलं? ब्रिटनच्या सरकारी यंत्रणेने 2019 मधे याच प्रकारावरून मोठ्या साईटना धारेवर धरलं आणि त्यांना तिथे असे मेसेज बदलायचं कबूल करावं लागलं. हात थरथरायला लागला की कॅन्सल करता येणारा रेट घेऊन टाक आणि मग शांतपणे शोधत बस.

प्रश्न: सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना घेऊन जायचंय. साईटवर ‘सेंटरपासून 800 मीटर’, ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलंय, तेवढ्यावर बुक करू का?

उत्तर: नका करू. हे 800 मीटर पुष्कळदा नकाशावर सरळ रेघ मारून मोजलेले असतात, मधे नदी असली किंवा चढ असला तरी रेघेला काय त्याचं. गूगल मॅप्समधे हॉटेलपासून जिथे जायचंय तिथपर्यंत चालण्याचा रस्ता काढा, तुम्ही निघणार ती वेळ टाकून बस-ट्रेनही बघा. मग स्ट्रीट व्ह्यूमधे हॉटेलच्या दारासमोर ‘उभ्या रहा’ आणि पायऱ्या मोजा. फोटो कधीचा आहे ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तेही बघा, पाच वर्षं जुना असेल तर आता तिथे काहीही असू शकतं.

मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो, हॉटेलचे नाही. हॉटेलचा फोटोग्राफर वाईड लेन्स घेऊन कोपऱ्यात चिकटून उभा असतो, खोली हॉलसारखी दिसते, म्हणून चौरस मीटरचा आकडा बघा आणि पलंग आणि भिंत यात माणूस वळेल का ते पाहुण्याच्या फोटोत बघा. बाथरूमचा फोटो मोठा करून बघा, शॉवर टबच्या आत असेल तर सासूबाईंना पाय उचलून कड ओलांडावी लागणार, पकडायला दांडी आहे का? जुन्या इमारतीत लिफ्ट असते पण ती पाच-सहा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, असंही असतं. हे फिल्टरमधे कळत नाही. हॉटेलला लिहून विचारा, ‘रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, आणि शॉवरला उंबरा आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं, ‘सोयीस्कर आहे का’ विचारलं की ‘हो मॅडम’ येतं. ते उत्तर जपून ठेवा.

प्रश्न: बुकिंग केल्यावर ॲपमधल्या चॅटवरच मेसेज आला, कार्ड व्हेरिफाय करा नाहीतर 12 तासात बुकिंग रद्द. चॅट तर खरं दिसतंय, लिंकवर जाऊ का?

उत्तर: अजिबात नाही! चोर हॉटेलचं अकाउंट हॅक करतात आणि हॉटेलच्याच नावाने, खऱ्या चॅटमधून, तुमचं नाव आणि तारखा घालून मेसेज पाठवतात. 2023 पासून हे फार वाढलंय. लिंक दाबू नका, मेसेजमधल्या नंबरवर फोनही करू नका. हॉटेलचा नंबर त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवरून घेऊन विचारा आणि साईटच्या कस्टमर केअरला कळवा. कार्डाची माहिती भरून बसला असाल तर आधी बँकेला फोन, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: मुलगा म्हणतो एआयला सांग, पूर्ण ट्रिपची हॉटेलं काढून देईल. करू का?

उत्तर: कुठल्या भागात राहावं, दोन भागात फरक काय, याची चर्चा करायला मस्त आहे. पण हॉटेलचं नाव, पत्ता, रेट, लिफ्ट आहे की नाही हे तो ठोकून देतो, कधी बंद पडलेलं हॉटेल सुचवतो कधी नसलेलंच. नावं घ्या आणि प्रत्येक नाव नकाशावर शोधा. रिव्ह्यूंचा सारांश काढायला द्यायचा असेल तर रिव्ह्यू तुम्ही कॉपी करून द्या, त्याच्या आठवणीवर सोडू नका.

प्रश्न: चार कुटुंबं, तीन शहरं. तीन ठिकाणी फ्री कॅन्सलेशनवाली बुकिंग करून ठेवलीत, लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: एक शेअर केलेली शीट करा, त्यात शहर, खोलीचं नाव, कोणाच्या कार्डावर, कन्फर्मेशन नंबर आणि कॅन्सल करायची शेवटची तारीख-वेळ. ही वेळ बहुतेक हॉटेलच्या ठिकाणची असते, तुमच्या घड्याळातली नाही, म्हणून एक दिवस आधीचा अलार्म लावा आणि चौघांच्याही फोनमधे लावा. रद्द केलं की मेल येतो, तो आला नाही तर रद्द झालं नाही असंच धरा.