बारा कागदी तुकडे आणि दहा वर्षांची भीती

ताई,

पत्र वाचले. पुण्यात शिकणाऱ्या तुमच्या मुलाच्या नावाने आलेल्या कुरियरच्या पाकिटात एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थात भिजवलेले बारा कागदी तुकडे सापडले. पंचनाम्यात वजन 0.18 ग्रॅम लिहिले आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 22(सी) लावले आहे, ज्यात किमान दहा वर्षे कैद आहे, आणि मुलगा न्यायालयीन कोठडीत आहे. प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांपूर्वी हाती आला. ‘नखाएवढ्या कागदांना दहा वर्षे कशी?’ असे तुम्ही विचारता.

आधी तातडीचे. अहवालावर शंका असेल तर फेरतपासणीचा अर्ज अहवाल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये थानासिंग प्रकरणात ही मुदत घालून दिली, आणि फेरतपासणी सहसा मिळत नाही. म्हणून आजच वकिलांना अहवाल दाखवा आणि एकच गोष्ट विचारा: त्यात ‘एलएसडी आढळले’ एवढेच आहे, की शुद्ध एलएसडी किती तेही लिहिले आहे? तुमच्या मुलाची सगळी केस या आकड्याभोवती फिरणार आहे.

एलएसडी हा पदार्थ अल्बर्ट हॉफमन यांनी 1938 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे, सँडोझ कंपनीत, राय धान्यावरच्या अरगट बुरशीवर संशोधन करताना तयार केला. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःवर प्रयोग म्हणून फक्त पाव मिलिग्रॅम घेतले आणि तेवढ्यानेही त्यांची अवस्था भयंकर झाली. पुढे कंपनीने तो मानसोपचाराच्या संशोधनासाठी डॉक्टरांना दिला. साठच्या दशकात तो रस्त्यावर आला, आणि 1971 च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वांत कडक यादीत टाकले. आपला 1985 चा कायदाही तोच धागा धरतो. इतक्या सूक्ष्म मात्रेत चढणारा पदार्थ म्हणून त्याच्या मर्यादाही, म्हणजे ज्यांवर शिक्षा ठरते ती ‘अल्प’ आणि ‘व्यावसायिक’ प्रमाणे, सूक्ष्म आहेत. चरसाचे व्यावसायिक प्रमाण 1 किलोच्या वर सुरू होते, एलएसडीचे 0.1 ग्रॅमच्या वर. अल्प प्रमाण 0.002 ग्रॅमपर्यंत.

आता हिशेब बघा. एका तुकड्यात 0.1 मिलिग्रॅम औषध धरले, तर बारा तुकड्यांत 1.2 मिलिग्रॅम, म्हणजे 0.0012 ग्रॅम. हे अल्प प्रमाण झाले: कमाल एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदासकट मोजले तर 0.18 ग्रॅम, म्हणजे व्यावसायिक: किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि किमान एक लाख दंड. पाकीट तेच, तुकडे तेच. जाड कागद वापरला की शिक्षा वाढते, हे मला न्याय्य वाटत नाही आणि कोर्टातही मी हेच म्हणेन.

पण तुम्हाला खोटी आशा देणार नाही. 2020 च्या हिरासिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मिश्रणातला निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचा. मुंबई उच्च न्यायालयात आधी कागद वगळण्याच्या बाजूनेही मत आले होते, पण नंतरच्या निर्णयात कागद औषधासोबतच गिळला जातो म्हणून तोही मोजावा असे ठरले. अमेरिकेतही 1991 मध्ये चॅपमन खटल्यात हेच झाले. तिथे हजार तुकड्यांत शुद्ध औषध सुमारे 50 मिलिग्रॅम होते आणि कागदासह वजन 5.7 ग्रॅम भरले. नंतर 1993 मध्ये तिथल्या शिक्षा आयोगाने आपल्या मार्गदर्शक तक्त्यासाठी एका डोसला 0.4 मिलिग्रॅम धरायचे ठरवले. ते आपल्याला बंधनकारक नाही, पण युक्तिवादात मांडायला हरकत नाही.

तेव्हा नुसत्या वजनावर विसंबू नका. व्यावसायिक प्रमाणात कलम 37 जामिनाआड येते: आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे, असे न्यायाधीशांना वाटावे लागते. ते कारण पाकिटाशी मुलाच्या संबंधात शोधावे लागेल. मागवले कोणी, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, पाकीट उघडण्याआधी त्याच्या हाती आले होते का? मुद्देमालाचे नमुने कलम 52ए प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, तराजू मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा होता का, हेही तपासून घ्या. ‘कलम 50 पाळले नाही, सुटेल’ असे तुमचे भाऊ म्हणतात, पण ते कलम अंगझडतीला लागते, पाकिटाला नाही.

आणखी एक. कोणी ‘तो व्यसनी आहे असे सांगा, 64ए खाली सुटेल’ म्हणाले तर थांबा. ती सवलत सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात उपचार घेणाऱ्यालाच मिळते. आज लावलेल्या कलमाखाली ती मिळणार नाही, उलट तो पदार्थ घेत होता हे तुम्ही स्वतःच लिहून द्याल. मुलाच्या मित्रांना मोबाइलवरचे संदेश पुसायला सांगू नका, त्याने नवा गुन्हा उभा राहतो.

आरोपपत्रासाठी पोलिसांना 180 दिवस आहेत. अटकेची तारीख वहीत लिहून ठेवा. मुदत उलटली आणि आरोपपत्र आले नसेल, सरकारी वकिलाच्या अहवालावर कोर्टाने मुदतही वाढवून दिली नसेल, तर त्याच दिवशी जामिनाचा अर्ज द्यायला सांगा. आरोपपत्र आधी दाखल झाले तर तो हक्क जातो.